चाकवताचा नकाशा : वनस्पती संग्रहांतील नोंदी काय सांगतात?

हिवाळ्यात उत्तर भारतातील बाजारांत ‘बथुआ’ आणि महाराष्ट्रात ‘चाकवत’ या नावाने विकली जाणारी पालेभाजी ही मुळात शेतात आपोआप उगवणारी वनस्पती आहे. गहू आणि हरभऱ्याच्या शेतात ती तण म्हणून उपटली जाते, बाजारात तीच भाजी म्हणून विकत घेतली जाते आणि हिमालयाच्या काही खोऱ्यांत तिच्या निकटच्या प्रकारांची धान्य म्हणून पेरणी केली जाते. एवढी परिचित वनस्पती देशात नेमकी कोठे वाढते, हा प्रश्न वरवर पाहता अनावश्यक वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात मात्र या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही. ते देण्यासाठी शास्त्रज्ञांना वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांचा, म्हणजेच हर्बेरियमचा आधार घ्यावा लागतो. आणि या संग्रहांतील नोंदी वाचण्याचेही एक शास्त्र आहे.

बदकाच्या पायाची वनस्पती

चाकवताचे शास्त्रीय नाव चिनोपोडियम आल्बम असे आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नाव दिले. चिनोपोडियम या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ ‘हंसबदकाचा पाय’ असा होतो. पानाचा आकार त्या पक्ष्याच्या पडदायुक्त पायासारखा असल्याने हे नाव पडले. ‘आल्बम’ म्हणजे पांढरे. कोवळ्या पानांवर व शेंड्यावर पिठासारखा पांढुरका थर दिसतो. ही पूड म्हणजे पानावरील सूक्ष्म, फुगीर केस असतात.

पालक आणि बीट या भाज्या चाकवताच्या जवळच्या नातलग आहेत. आधुनिक वर्गीकरणात या सर्वांचा समावेश बहुधा राजगिरा व माठ यांच्या कुळात केला जातो. अलीकडच्या काळात आरोग्यदायी धान्य म्हणून प्रसिद्धी मिळालेला दक्षिण अमेरिकेतील क्विनोआ हा तर याच प्रजातीचा, म्हणजे चिनोपोडियमचा, सदस्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून साजरे केले होते.

संस्कृतमध्ये या भाजीला ‘वास्तूक’ असे नाव आहे. हिंदीत बथुआ, पंजाबी व पहाडी बोलींत बाथू, गुजरातीत चील, तर कन्नडमध्ये मराठीशी साम्य असलेले ‘चक्कोत’ हे नाव आढळते. नावांचा हा विस्तार पाहता ही वनस्पती देशाच्या मोठ्या भागात लोकांच्या आहारात आहे, हे स्पष्ट होते. परंतु लोकनाव हा शास्त्रीय पुरावा ठरत नाही. एकच नाव दोन वेगळ्या वनस्पतींना दिले जाते आणि एकाच वनस्पतीची गावोगावी निराळी नावे असतात. म्हणूनच प्रत्यक्ष नमुन्याची आवश्यकता भासते.

नमुनापत्र म्हणजे काय?

वनस्पतीची फांदी, शक्य असल्यास मुळासह संपूर्ण रोप, कागदांत दाबून वाळवले जाते आणि जाड कागदावर चिकटवले किंवा शिवले जाते. त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावलेली असते. तिच्यावर संग्राहकाचे नाव, त्याचा अनुक्रमांक, तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, आसपासची परिस्थिती आणि शक्य असल्यास स्थानिक नाव लिहिलेले असते. या पद्धतीचा प्रारंभ सोळाव्या शतकात इटलीमध्ये झाला आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने लुका गिनी यांना दिले जाते. आज जगभरातील सुमारे साडेतीन हजार संग्रहांत सुमारे ३९ कोटी नमुने जतन करण्यात आले आहेत.

भारतात १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाची स्थापना झाली. या विभागाचा केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रह पश्चिम बंगालमधील हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यानात आहे. हे उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले होते. विभागाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र १९५५ पासून पुण्यात कार्यरत आहे. याखेरीज डेहराडूनची वन संशोधन संस्था, लखनौची राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हे महत्त्वाचे संग्रह आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोळा झालेले असंख्य भारतीय नमुने लंडनजवळील क्यू येथील उद्यानात आहेत.

नमुनापत्राचे महत्त्व असे की, ते पुन्हा तपासता येते. एखाद्या ग्रंथात ‘ही वनस्पती या प्रदेशात सर्वत्र आढळते’ असे वाक्य असेल, तर ते खरे की खोटे हे शंभर वर्षांनंतर ठरवता येत नाही. नमुना मात्र समोर ठेवता येतो. पूर्वीची ओळख चुकीची असल्याचे आढळल्यास तज्ज्ञ जुनी चिठ्ठी न काढता शेजारी स्वतःच्या नावाची व तारखेची नवी चिठ्ठी लावतात. त्यामुळे एका कागदावर कधीकधी तीन-चार पिढ्यांतील अभ्यासकांची मते एकत्र पाहावयास मिळतात.

चिठ्ठीवरून नकाशावर

नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे नकाशावर बिंदूंच्या रूपात मांडली की, त्या वनस्पतीचा प्रादेशिक विस्तार दिसू लागतो. परंतु प्रत्येक चिठ्ठी सारख्याच उपयोगाची नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोसेफ डाल्टन हुकर आणि थॉमस थॉमसन यांनी भारतात मोठ्या प्रमाणावर नमुने गोळा केले. त्यांच्या अनेक छापील चिठ्ठ्यांवर लॅटिन भाषेत केवळ ‘वायव्य हिमालय’ किंवा ‘गंगेचे वरचे मैदान’ एवढाच प्रदेश आणि फुटांतील उंची नमूद आहे. अशा नोंदीवरून जिल्हा ठरवणे शक्य होत नाही. त्या नोंदीचा बिंदू नकाशाच्या मध्यभागी कोठेतरी टाकला, तर तो अचूकतेचा केवळ आभास ठरेल.

प्रशासकीय सीमांमधील बदलांमुळेही गुंतागुंत वाढते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रातील अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. मात्र त्या वेळच्या मुंबई इलाख्यात आजच्या गुजरात व कर्नाटकाचे काही भाग आणि १९३६ पर्यंत सिंध प्रांतही समाविष्ट होता. त्याचप्रमाणे १८९० च्या एखाद्या चिठ्ठीवर ‘पंजाब’ असे लिहिलेले असल्यास ते ठिकाण आज पाकिस्तानात, हरियाणात किंवा हिमाचल प्रदेशातही असू शकते. त्यामुळे जुन्या नोंदी आजच्या राज्यांच्या नावांखाली जशाच्या तशा मांडता येत नाहीत.

आणखी एक अडचण नमुन्यांच्या प्रतींची आहे. संग्राहक एकाच जागी, एकाच दिवशी अनेक फांद्या घेतात आणि त्या वेगवेगळ्या संस्थांकडे पाठवतात. अशा पाच प्रती पाच संग्रहांत असल्या, तरी त्यांचा पुरावा एकाच ठिकाणाचा असतो. संग्राहकाचे नाव, अनुक्रमांक व तारीख ताडून न पाहिल्यास एका ठिकाणच्या पाच नोंदी होतात आणि तेथे वनस्पती विपुल असल्याचा गैरसमज निर्माण होतो.

रिकाम्या जागेचा अर्थ

नकाशावर बिंदू असलेल्या ठिकाणी ती वनस्पती त्या वेळी होती, असे ठामपणे म्हणता येते. बिंदू नसलेल्या ठिकाणी ती नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. समजा, एखाद्या जिल्ह्यातून चाकवताचा एकही नमुना संग्रहात नाही. याची किमान तीन कारणे संभवतात. पहिले, तेथील हवामान वा जमीन या वनस्पतीस मानवत नसावी. दुसरे, तेथे कोणी संग्राहक योग्य ऋतूत पोहोचलाच नसावा. तिसरे, संग्राहक गेला असावा, वनस्पती त्याने पाहिलीही असावी. परंतु ती इतकी सामान्य वाटली की, ती गोळा करण्याचे श्रम त्याने घेतले नसावेत.

यांपैकी तिसरे कारण चाकवताच्या बाबतीत विशेष लागू पडते. वनस्पतिशास्त्रज्ञ साहजिकच दुर्मीळ, अनोळखी व प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या शोधात घाटमाथे, देवराया आणि दुर्गम जंगले पालथी घालतात. नांगरलेल्या शेताच्या बांधावर किंवा उकिरड्याशेजारी उगवणाऱ्या तणासाठी सहसा मोहीम आखली जात नाही. त्यातच चाकवत ही प्रामुख्याने रब्बी हंगामातील वनस्पती आहे. देशाच्या बऱ्याच भागांत पावसाळ्यात व त्यानंतर लगेच फुलणाऱ्या वनस्पतींच्या संग्रहावर भर असल्यास, थंडीतील तणे त्यातून निसटण्याची शक्यता वाढते.

संग्रहांतील हा असमतोल केवळ भारतापुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा प्रदेश येथील सुमारे ५० लाख नमुन्यांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ठिकाण, ऋतू, वनस्पतीचे गुणधर्म आणि संग्राहकांची आवड अशा अनेक बाबतींत हे संग्रह एकांगी असल्याचे त्यात दिसून आले. थोड्याच संग्राहकांनी फार मोठा वाटा उचलल्याचेही त्यातून स्पष्ट झाले. याचा अर्थ संग्रह निरुपयोगी आहेत असा नाही. नकाशा वाचताना वनस्पतीबरोबर माणसांच्या वाटाही वाचाव्या लागतात, असा याचा अर्थ आहे. यासाठी एक उपाय असा की, त्याच जिल्ह्यातून त्याच ऋतूत इतर वनस्पतींचे किती नमुने आले, हे पाहावे. इतर रब्बी तणांचे नमुने भरपूर असतील आणि चाकवत मात्र नसेल, तर त्या अभावाला काही अर्थ प्राप्त होतो. कोणतेच नमुने नसतील, तर ती जागा केवळ अज्ञात मानावी लागते.

एकाच नावाखाली अनेक वनस्पती?

चाकवताच्या नकाशातील सर्वांत मोठा प्रश्न ओळखीचा आहे. या प्रजातीतील वनस्पतींची पाने अतिशय बदलती असतात. एकाच रोपाची खालची व वरची पाने निरनिराळी दिसतात. सुपीक जमिनीत वाढलेले रोप माणसाच्या उंचीचे होते, तर कोरड्या जागी तेच वीतभर राहून फुलते. त्यामुळे केवळ पानांवरून जात ठरवणे धोक्याचे असते. निश्चित ओळखीसाठी पिकलेली फळे आणि बी लागते. चाकवताचे बी काळे, चकचकीत व बरेचसे गुळगुळीत असते. तर तिच्यासारखीच दिसणाऱ्या चिनोपोडियम फिसिफोलियम या जातीच्या बियांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सूक्ष्म खळगे दिसतात. भाजी म्हणून खाण्याजोग्या कोवळ्या अवस्थेत गोळा केलेला नमुना दिसावयास सुंदर असला, तरी बी नसल्याने त्याची जात अनिश्चितच राहू शकते.

दुसरा मुद्दा गुणसूत्रांचा आहे. युरोपातील चिनोपोडियम आल्बममध्ये गुणसूत्रांची संख्या ५४ असते. भारतात मात्र याच नावाखाली १८, ३६ आणि ५४ गुणसूत्रे असलेल्या वनस्पतींची नोंद झालेली आहे. त्यामुळे भारतात ‘आल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती प्रत्यक्षात एकाहून अधिक जातींचा समूह असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. नमुनापत्रावरील वाळलेल्या पानांत गुणसूत्रे मोजणे सहसा शक्य नसते; त्यासाठी जिवंत मुळांची टोके किंवा कोवळ्या कळ्या लागतात. म्हणूनच जुन्या नमुन्यांच्या ठिकाणी पुन्हा जाऊन बी गोळा करणे महत्त्वाचे ठरते. त्या वेळी जुनी चिठ्ठी अभ्यासकाला मार्गदर्शक ठरते.

नावांतील बदलांमुळेही नोंदी विखुरतात. २०१२ मध्ये झालेल्या पुनर्वर्गीकरणानुसार चिनोपोडियम प्रजातीतून अनेक वनस्पती वेगळ्या करण्यात आल्या. पडीक जागी आढळणारी, पूर्वी चिनोपोडियम म्युराले म्हणून ओळखली जाणारी वनस्पती आता चिनोपोडियास्ट्रम या प्रजातीत गणली जाते. उग्र वासाच्या काही जाती त्याआधीच डिस्फानिया या प्रजातीत गेल्या होत्या. काही संग्रहांत नवे नाव आणि काहींत जुनेच नाव राहिल्यास संगणकावर शोध घेणाऱ्यास निम्मीच माहिती मिळते.

रानटी की पेरलेली?

हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि नेपाळच्या डोंगराळ भागांत चिनोपोडियमची धान्य म्हणून लागवड करण्याची परंपरा आहे. तेज प्रताप व प्रोमिला कपूर यांनी १९८० च्या दशकात या हिमालयीन धान्य प्रकारांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. या पिकांना कधी आल्बम, कधी अन्य जातींचे नाव देण्यात आले असून त्यांच्या शास्त्रीय ओळखीबाबत दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

येथे चिठ्ठीवरील एक शब्द निर्णायक ठरतो. ‘शेतात’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती वनस्पती पेरलेली होती की गव्हातील तण होती, हे समजत नाही. ‘पेरलेले पीक, दाण्यासाठी’ किंवा ‘गव्हात आपोआप उगवलेले’ असे लिहिले असेल, तर तीच नोंद वनस्पतिशास्त्राबरोबर शेतीच्या इतिहासाचाही पुरावा ठरते. कोणत्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी हे धान्य पिकत होते आणि कोठे ते आज दिसत नाही, हे सांगणारी साधने थोडी आहेत. नीट लिहिलेली नमुनापत्रे हे त्यांपैकी एक आहे.

या नोंदींची गरज कोणाला?

चाकवताच्या विस्ताराची अचूक माहिती असणे तीन दृष्टींनी आवश्यक मानले जाते. पहिली बाब शेतीची आहे. वायव्य भारतातील गव्हाच्या पट्ट्यात चाकवत हे रुंद पानांच्या प्रमुख तणांपैकी एक आहे. तणनाशकांचा वापर वाढल्यानंतर तणांच्या रचनेत काय बदल झाला, हे तपासण्यासाठी त्यापूर्वीचा तारीखवार पुरावा लागतो आणि तो जुन्या नमुन्यांतून मिळू शकतो.

दुसरी बाब आहाराची आहे. ही भाजी उत्तरेत सरसोंच्या सागात, पराठ्यात व रायत्यात, तर महाराष्ट्रात ताकातील पातळ भाजीच्या रूपात खाल्ली जाते. शेताच्या कडेने विनामूल्य मिळणारी पालेभाजी हा ग्रामीण कुटुंबांच्या हिवाळी आहाराचा भाग आहे. ती कोठे मिळते व कोठे मिळेनाशी झाली, हा पोषणाशी निगडित प्रश्न आहे.

तिसरी बाब पीक सुधारणेची आहे. क्विनोआची जनुकीय रचना २०१७ मध्ये उलगडण्यात आली. त्यानंतर या प्रजातीतील रानटी नातलगांकडे रोगप्रतिकार व प्रतिकूल हवामान सहन करण्याच्या गुणांचा स्रोत म्हणून अधिक लक्ष दिले जाऊ लागले. उष्ण मैदानापासून उंच हिमालयापर्यंत वाढणाऱ्या भारतीय वनस्पतींत असे गुण असणे संभवनीय आहे. परंतु ते शोधण्यापूर्वी कोणता प्रकार कोठे वाढतो, हे माहीत असणे आवश्यक आहे.

संगणकावरील संग्रह

जुलै २०२२ मध्ये कोलकाता येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या भारतीय आभासी वनस्पती संग्रहाचे उद्घाटन झाले. त्या वेळी सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा त्यावर उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. त्यामुळे नमुना पाहण्यासाठी हावड्याला किंवा परदेशात जाण्याची गरज काही प्रमाणात कमी झाली आहे. तथापि, प्रतिमेतून बियांवरील सूक्ष्म खळगे दिसत नाहीत आणि चुकीची जुनी ओळख संगणकावर आल्याने बरोबर होत नाही. उलट ती अधिक वेगाने पसरते. म्हणून प्रतिमा ही मूळ नमुन्याची वाट दाखवणारी खूण आहे, त्याला पर्याय नाही. नागरिक मोबाइल फोनवर टिपत असलेल्या छायाचित्रांनाही हेच लागू होते. त्यांतून ठिकाण व तारीख अचूक मिळते. मात्र बी दिसत नसल्यास जातीची खात्री देता येत नाही.

महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांना या कामात मोठा वाटा उचलता येण्यासारखा आहे. त्यासाठी घनदाट जंगलात जाण्याची आवश्यकता नाही. माघ-फाल्गुनात रब्बीची पिके पक्व होत असताना शेताच्या बांधावरील चाकवताचे फळे धरलेले रोप मुळासह घ्यावे, थोडे बी स्वतंत्र पाकिटात ठेवावे आणि चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गावातील नाव, रोप पेरलेले होते की आपोआप उगवलेले आणि लोक त्याचा कोणता भाग खातात, एवढे लिहावे. असा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा झाल्यास पुढील अनेक पिढ्यांना तो तपासता येईल.

आजवर देशाच्या वनस्पती संग्रहांनी दुर्मीळ वनस्पतींचा वारसा मोठ्या कष्टाने जतन केला आहे. जी वनस्पती दारात उगवते तिची नोंद मात्र ‘सर्वत्र आढळते’ या दोन शब्दांवर सोडून देण्यात आली, तर ती कधी कमी झाली हेही कळणार नाही. चाकवताच्या नकाशातील रिकाम्या जागा या अर्थाने वनस्पतीच्या अभावाच्या नसून, बहुतांशी निरीक्षणाच्या अभावाच्या आहेत.